मासळी वाहिलेल्या ४०७ चा गंज : घरी किती करावे, डेंटरकडे किती सोपवावे

वाचकाचे पत्र

माझ्या वडिलांनी हर्णै बंदरावरून बरीच वर्षे मासळीची वाहतूक केलेली १९९८ ची टाटा ४०७ आमच्या घरी आंब्याखाली उभी आहे. इंजिन चांगले आहे, पण केबिनच्या फ्लोअरला ड्रायव्हरच्या पायाखाली तळहाताएवढे भोक पडले आहे, दोन्ही दारांच्या खालच्या कडेला रंगाला फोड आले आहेत आणि हौद्याखालचे लोखंड पापुद्रे सुटल्यासारखे दिसते. आंब्याच्या हंगामात ही गाडी बागेच्या कामाला पुन्हा लावावी, असा विचार आहे. डेंटरने (पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराने) ‘उघडल्याशिवाय आकडा सांगता येणार नाही’ असे सांगितले. माझ्याकडे चार इंची ग्राइंडर आहे आणि मित्राकडे आर्क वेल्डिंगचे मशीन आहे. घरी किती काम जमेल? फोड खरवडून फायबर आणि पुट्टी भरली तर दोनतीन वर्षे निघतील का? रंग कोणता मारावा? खालून जळके ऑइल मारावे असे सगळे सांगतात, ते योग्य आहे का? केबिनच्या कपाळावर वडिलांनी रंगवून घेतलेली अक्षरे आहेत, ती राखता येतील का?

– एक वाचक, दापोली तालुका

उत्तर

आपल्या प्रश्नांपैकी पुट्टीच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे काम त्यावर अवलंबून आहे. फोडांवर फायबर आणि पुट्टी भरून दोनतीन वर्षे निघणार नाहीत; कोकणातला एक पावसाळा निघाला तरी पुष्कळ झाले. ओल धरलेल्या भिंतीवर नवा गिलावा केला तर तो जसा फुगून सुटतो, तशीच गंजावर भरलेली पुट्टी सुटते, आणि सुटेपर्यंत ती आतला गंज झाकून ठेवत असल्यामुळे नुकसान वाढते. घरी काय जमेल याचे उत्तर मात्र आशादायक आहे. गाडी उघडणे, धुणे, गंज काढणे, सडलेला पत्रा कापणे, ठिगळाचे माप काढून ते तयार करणे, प्रायमर, सांधे बंद करणे आणि ब्रशने रंग देणे, ही सर्व कामे आपण घरी करू शकता, आणि मजुरीचा मोठा भाग याच कामांत जातो. चासीची, म्हणजे गाडीच्या खालच्या मुख्य सांगाड्याची, दुरुस्ती, पातळ पत्र्याचे वेल्डिंग आणि पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचा स्प्रे ही तीन कामे मात्र घरी करू नयेत. डेंटरने आकडा दिला नाही याचा राग मानू नका. न उघडता आकडा सांगणारा डेंटर बहुधा वरून पुट्टी भरण्याचाच आकडा सांगत असतो.

आपल्या गाडीचा गंज घाटावरच्या गाडीच्या गंजापेक्षा वेगळा आहे. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के क्षार असतात. मासळीवरचा बर्फ वितळून ते खारे पाणी वर्षानुवर्षे हौद्याच्या फटींतून क्रॉस मेंबरवर (आडव्या लोखंडी तुळयांवर), तिथून चासीवर आणि मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरवर गळत राहिले. पाणी वाळले तरी मीठ तिथेच राहते, आणि हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच ओले होते. दापोलीसारख्या ठिकाणी अशी आर्द्रता उन्हाळ्यातल्या रात्रीही असते. त्यामुळे गाडी छपराखाली उभी असली, वर्षभर बंदरावर गेली नसली, तरी गंज थांबलेला नाही. आपल्या कामाचा खरा विषय म्हणूनच लोखंडात मुरलेले मीठ काढणे आणि पाण्याला आत यायची वाट बंद करून बाहेर जायची वाट मोकळी करणे हा आहे. या दोन गोष्टी झाल्या नाहीत तर नवा पत्राही जुन्याच जागी सडेल.

पहिला दिवस फक्त पाहणीसाठी ठेवा आणि ग्राइंडरला हात लावू नका. सुरुवात केबिनपासून न करता चासीपासून करा, कारण चासी गेली असेल तर केबिनवर केलेला खर्च वाया जाईल. गाडी सपाट आणि कठीण जमिनीवर घ्या, चाकांना पुढेमागे ओट लावा, आणि ज्या बाजूला खाली शिरायचे तिथे लोखंडी स्टँड लावा. आपल्याकडे अंगणात जांभ्याचे चिरे सहज मिळतात आणि लोक तेच गाडीखाली रचतात; तसे अजिबात करू नका. चिरा वरून घट्ट दिसला तरी एका कोपऱ्यावर भार आला की तो अचानक फुटतो, आणि निव्वळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली तर कोणीही शिरू नये.

चासीवर लहान हातोडीने ठोकत जा. चांगले लोखंड खणखणीत वाजते, सडलेले बद्द वाजते आणि त्याचे पापुद्रे गळून पडतात. पापुद्रे पाहून लगेच घाबरण्याचे कारण नाही, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो आणि चार मिलिमीटर जाडीचा पापुद्रा म्हणजे चार मिलिमीटर लोखंड गेले असे नसते. पापुद्रे छिन्नीने काढल्यावर खाली जे उरते त्याची जाडी कॅलिपरने मोजा आणि त्याच चासीच्या चांगल्या भागाशी ताडून पाहा. मागच्या पाट्यांचे हँगर, क्रॉस मेंबर जिथे चासीला रिव्हेटने जोडलेले असतात ती टोके, मागच्या ॲक्सलच्या वरचा भाग आणि हौद्याचे यू बोल्ट जिथे आवळलेले असतात त्या जागा विशेष लक्ष देऊन पाहा. हौद्याचे लाकूड किंवा लोखंडी रनर चासीवर जिथे बसतो तिथे दोहोंच्या मध्ये ओल साचून राहते, आणि तिथला गंज बाजूने दिसत नाही. स्क्रूड्रायव्हर घालून तो जाणवतो. स्क्रूड्रायव्हर चासीच्या लोखंडात घुसला, भोकापासून निघालेली चीर दिसली, किंवा जाडी ठिकठिकाणी लक्षणीय कमी भरली, तर तिथेच थांबा आणि चासीचे काम नेहमी करणाऱ्या कारागिराला बोलवा. चासीच्या फ्लँजवर (आडव्या दुमडलेल्या कडेवर) घरच्या मशीनने मारलेला वेल्ड वरून भक्कम दिसतो, पण त्याच्या शेजारचे लोखंड उष्णतेने कमजोर होऊन भार आल्यावर नेमके तिथेच तुटू शकते. कारागिराने ‘ही चासी नको’ असे सांगितले तर त्याचे ऐका; इंजिन आणि गिअरबॉक्स विकून येणारे पैसे त्या चासीवर घालण्यापेक्षा बरे.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट पाहून घ्या. चासीच्या कडेने मागच्या चाकांकडे जाणाऱ्या ब्रेक ऑइलच्या लोखंडी नळ्या हाताने चाचपा. त्या खडबडीत लागल्या, क्लिपांच्या खाली फुगलेल्या दिसल्या, तर त्या घासून रंगवू नका, बदलून घ्या. पत्र्याचे भोक दिसते म्हणून त्याची चिंता होते. ब्रेकची नळी फुटेपर्यंत दिसत नाही. चासीवर ठोकलेला नंबरही त्याच वेळी शोधून काढा, रॉकेलच्या फडक्याने पुसा आणि त्यावर ग्रीसचा हात द्या. तिथे ग्राइंडर, छिन्नी किंवा जाड रंग लागता कामा नये, कारण पासिंगच्या वेळी तो नंबर वाचता आला नाही तर निस्तरणे फार त्रासाचे होते.

चासी पास झाली असे धरून पुढे जाऊ. आता गाडी उघडा. सीट, रबरी मॅट, त्याखालचे फेल्ट, दारांचे आतले पॅनेल, पायदान आणि बॅटरीचा ट्रे काढा. नटबोल्ट आदल्या दिवशी डिझेल किंवा गंज सोडवणारे तेल लावून ठेवले तर निम्मे तुटायचे वाचतात. फेल्ट परत बसवायचे नाही, कितीही चांगले दिसले तरी. ते वर्षानुवर्षे खारे पाणी प्यायलेले असते आणि फ्लोअर सडण्याचे पहिले कारण तेच आहे. बॅटरीच्या ट्रेखाली आम्लाने पत्रा खाल्लेला असतो, तिथे खाण्याच्या सोड्याचे पाणी ओतून बुडबुडे येणे थांबेपर्यंत धुवा.

यानंतर धुण्याचे काम आहे आणि ते कंटाळवाणे असल्यामुळे बहुतेक लोक ते उरकून टाकतात. गोड्या पाण्याचा जोराचा फवारा चासीच्या आतल्या अंगाने, क्रॉस मेंबरच्या पोटात, मडगार्डच्या वरच्या घडीत, दारांच्या पोकळीत मारा. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका. धुवा, उन्हात पूर्ण वाळू द्या, पुन्हा धुवा. मीठ गेले की नाही हे पाहण्याची सोपी रीत अशी : एखादी जागा तारेच्या ब्रशने चकचकीत करून रात्रभर उघडी ठेवा. सकाळी सगळीकडे एकसारखी फिकट तांबूस झाक आली तर ती हवेच्या ओलीची आहे. पण बारीक खड्ड्यांच्या तळाशी काळपट ओले ठिपके दिसले, बाकीचा पत्रा कोरडा असताना तेवढेच घामेजल्यासारखे दिसले, तर मीठ अजून आत आहे आणि त्यावर जगातला कोणताही प्रायमर टिकणार नाही. पुन्हा धुवा.

दारांकडे जरा सविस्तर पाहू, कारण आपल्याला फोड तिथे दिसले आहेत. दाराचा बाहेरचा पत्रा खालच्या कडेला आतल्या पत्र्यावर दुमडून दाबलेला असतो. काचेच्या तळाशी असलेले रबर झिजले की पावसाचे पाणी काचेवरून सरळ दाराच्या पोटात उतरते. हे पाणी बाहेर जावे म्हणून तळाला लहान भोके ठेवलेली असतात, पण त्यात धूळ, आंब्याचा मोहोर, वाळकी पाने आणि आपल्या गाडीत बहुधा मासळीची खवलेही अडकून घट्ट गाळ बनलेला असेल. तो गाळ पावसाळाभर ओला राहतो आणि दुमडीतल्या दोन पत्र्यांना आतून खातो. म्हणून बाहेरचा फोड हा गंजाचा शेवटचा टप्पा असतो. बाहेर रुपयाएवढा फोड असेल तर आत तळहाताएवढा पत्रा गेलेला असण्याची शक्यता धरून चाला. आतले पॅनेल काढून टॉर्च लावा आणि बाहेरून बोटाने दाबून पाहा. दुमडीपासून वर दोनतीन इंचांपर्यंतच पत्रा गेला असेल तर तेवढी पट्टी बदलता येते. त्याहून वर गेला असेल तर दाराचा बाहेरचा पत्रा तयार मिळतो तो बसवून घ्यावा, किंवा चांगले जुने दार शोधावे. ४०७ ही १९८६ पासून रस्त्यावर असलेली गाडी असल्यामुळे तिची दारे, मडगार्ड, फ्लोअरचे तुकडे आजही बाजारात मिळतात. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातही विचारून पाहा. मात्र जुने दार घेताना फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक त्याच्या खालच्या भागावरून फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्रा नसून पुट्टी आहे. हीच परीक्षा आपल्या केबिनच्या कोपऱ्यांवरही करा. पंचवीस वर्षांत कोणी ना कोणी तिथे पुट्टी भरलेली असणार.

गंज काढताना ग्राइंडरला कप ब्रश आणि ८० नंबरची फ्लॅप डिस्क पुरे. दगडी डिस्कने घासू नका, ती चांगला पत्राही पातळ करते. ग्राइंडरचे गार्ड काढून काम करण्याची आपल्याकडे वाईट सवय आहे. तार सुटून डोळ्यात जाते तेव्हा चष्मा पुरत नाही, म्हणून पूर्ण चेहरा झाकणारे शील्ड वापरा. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असल्यामुळे धुळीसाठी चांगला मास्क लावा, मुलांना लांब ठेवा आणि पडलेली धूळ झाडून न उडवता ओल्या फडक्याने गोळा करा. ठिणग्या काचेवर पडू देऊ नका, त्या काचेत रुतून बसतात आणि कायमचे खडबडीत ठिपके उरतात.

खड्ड्यांत जो गंज ब्रशने निघत नाही त्यासाठी फॉस्फरिक आम्लाचा रस्ट कन्व्हर्टर वापरावा. तो गंजाचे लोखंडाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर करतो आणि जागा काळसर होते. तो दोन पत्र्यांच्या सांध्यात झिरपू देऊ नका, उरलेले आम्ल पाण्याने धुऊन काढा आणि गरम हवेने लगेच वाळवा. नाहीतर वरचा इपॉक्सी प्रायमर नीट धरत नाही. बाथरूम धुण्याचे आम्ल मात्र गाडीला कधीही लावू नका. ते हायड्रोक्लोरिक असते, गंज झटपट काढते हे खरे, पण त्यातले क्लोराइड खड्ड्यांत राहते आणि आपण एवढे धुऊन जे मीठ काढले त्याचेच काम पुन्हा सुरू करते.

आता फ्लोअर. कापण्यापूर्वी खाली शिरून त्या जागेच्या मागे काय आहे ते पाहा : वायरिंग, ब्रेक आणि डिझेलच्या नळ्या बाजूला करून बांधून ठेवा. भोकापेक्षा मोठे कापावे लागेल याची मनाशी तयारी ठेवा. पत्रा चकचकीत, पूर्ण जाडीचा आणि खड्डे नसलेला लागेपर्यंत मागे जायचे. पातळ झालेल्या काठावर वेल्ड धरत नाही, तो जळून भोक मोठे होते. तळहाताएवढ्या भोकाचे कापणे दोन फूट झाले तरी आश्चर्य मानू नका. कापणे दाराच्या उंबरठ्यापर्यंत किंवा केबिन माउंटपर्यंत (केबिन जिथे चासीवर टेकते त्या जागेपर्यंत) गेले तर कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी अँगल टेकू म्हणून लावून घ्या, नाहीतर चौकट हलते आणि मग दार कधीच नीट लागत नाही. सीटचे बोल्ट जिथे आहेत तो भाग सडला असेल तर तिथे फायबर चालणार नाही, तो भार घेत नाही.

ठिगळासाठी आधी पुठ्ठ्याचा नमुना कापा, तो जागेवर बसवून पाहा आणि त्यावरून १८ गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर जाडीचा, सीआर (कोल्ड रोल्ड, जस्ताचा थर नसलेला) पत्रा कापा. कोपरे गोल ठेवा. टोकदार कोपऱ्यापासून चीर सुटते. आपल्याकडे छपराचा जीआय पत्रा पडलेला असतो आणि तो वापरायचा मोह होतो, पण त्यावरचा जस्ताचा थर वेल्डिंगच्या उष्णतेने जळून जो पांढरा धूर होतो त्याने वेल्डरला रात्री थंडीताप भरतो. फ्लोअरला ठिगळ अर्धा इंच काठावर चढवून लावले तरी चालते, फक्त सांधा वरून आणि खालून दोन्हीकडून सीलरने बंद झाला पाहिजे. दारासारख्या दिसणाऱ्या जागी मात्र काठाला काठ भिडवून जोडावे.

मित्राचे आर्क मशीन याच टप्प्यावर बाजूला ठेवावे लागेल. सव्वा मिलिमीटरच्या पत्र्यावर आर्कच्या रॉडने काम करणारे कुशल हात असतात, पण शिकताना भोके पडतात आणि ती भरताना आणखी पडतात. आपण सर्व कापून, घासून, ठिगळे क्लॅम्पने बसवून तयार ठेवा आणि सीओटू (तार आणि कार्बन डायऑक्साइड वायू वापरून केल्या जाणाऱ्या) वेल्डिंगवाल्याला एका दिवसासाठी घरी बोलवा, किंवा गाडी टेम्पोमागे ओढून त्याच्या शेडमध्ये न्या. ०.८ मिलिमीटरची तार लावून त्याने इंच-सव्वा इंच अंतरावर टाके मारावेत, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, आणि मधे पत्रा थंड होऊ द्यावा. सलग ओढ मारली की पत्रा वाकतो. हे आपण उभे राहून पाहा, त्यासाठी वेल्डिंग येण्याची गरज नाही. त्याआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, डिझेलची टाकी शक्य तर उतरवा, आणि पाण्याची बादली व अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवा. काम संपल्यावर तासभर तरी गाडीजवळ थांबा, कारण आतल्या अंगाला राहिलेल्या रबराच्या किंवा फेल्टच्या तुकड्यात ठिणगी धुमसत राहते. पैसे वाचवण्यासाठी काही लोक पॉप रिव्हेटने पत्रा मारतात. नेहमीचे पॉप रिव्हेट ॲल्युमिनियमचे असतात, ते खाऱ्या ओलीत पांढरे पडून ढिले होतात. आपल्या गाडीसाठी ते नकोत.

वेल्ड घासून सारखे केल्यावर लगेच, त्याच दिवशी, दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर द्या. बाजारात तांबडा रेड ऑक्साइड स्वस्त मिळतो आणि गेट-ग्रिलला तो पुरतो, पण तो पाणी पूर्ण अडवत नाही, शिवाय झिंक क्रोमेट मिसळलेल्या प्रकाराची धूळ घातक असते. चासी आणि फ्लोअरला इपॉक्सीचे दोन हात ब्रशने दिले तर स्प्रेची गरजही पडत नाही. पुट्टी भरायची असेल तर ती या प्रायमरवर, उघड्या लोखंडावर नव्हे, आणि दोनतीन मिलिमीटरपेक्षा जाड नको. पोचा खोल असेल तर तो आधी हातोडी आणि डॉलीने (पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्याने) काढा, पुट्टीने समतल करण्याची घाई करू नका. पुट्टी पाणी शोषते, म्हणून ती कोरडीच घासावी; वॉटर पेपर पाण्यासकट वापरायचा तो वर प्रायमर बसल्यावर, ४०० आणि मग ६०० नंबरचा.

वेळ निवडणे हे इथे औषधाइतके महत्त्वाचे आहे. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रंगकाम करू नये, आणि पत्र्यावर दव धरण्याची शक्यता असेल तर मुळीच नाही. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत सकाळी दहाच्या सुमारास दव उडून जाते आणि दुपारी तीनपर्यंत चांगला वेळ मिळतो. संध्याकाळी उरलेला डबा संपवण्याच्या नादात मारलेला हात रात्रीच्या दवाने पांढुरका पडतो. आपल्याला गाडी आंब्याच्या हंगामाला हवी आहे, तर दिवाळीनंतर उघडा; मार्चमध्ये सुरुवात केली तर पेट्या भरायच्या वेळी गाडी स्टँडवरच असेल.

रंग साधा सिंथेटिक एनॅमल घ्या. पीयू जास्त टिकतो आणि चमकतो हे मान्य, पण त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटचा फवारा श्वासात गेला तर कायमचा दमा जडू शकतो आणि तोंडाला फडके बांधून किंवा साधा मास्क लावून तो अडत नाही. त्यासाठी बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि बंद बूथ लागतो. चांगल्या ब्रशने किंवा बारीक फोमच्या रोलरने एनॅमलचे तीन पातळ हात दिले, मधे पुरेसे वाळू दिले, तर कामाच्या गाडीला ते शोभून दिसते. दुरुस्ती करतानाही एनॅमल सोयीचा, कारण हंगामात कुठे खरचटले तर तोच डबा उघडून हात मारता येतो.

जळक्या ऑइलबद्दल आपल्याकडे जो आग्रह धरला जातो त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. तेलाचा थर पाणी अडवतो आणि पावसाळ्यापूर्वी ते मारणाऱ्यांच्या चासी मारत नसलेल्यांपेक्षा बऱ्या दिसतात. पण ते रबरी बुश आणि ब्रेकचे होज फुगवते, ब्रेक ड्रममध्ये गेले तर गाडी थांबत नाही, त्वचेला घातक आहे, आणि पहिल्या मोठ्या पावसात त्यातले बरेचसे आपल्याच अंगणातून विहिरीकडे वाहत जाते. त्याऐवजी दारांच्या पोटात, क्रॉस मेंबरमध्ये आणि दुमडींत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचे मेण) मारा. तो सांध्यांत झिरपतो आणि मऊ राहतो. डांबरी अंडरकोटिंग फक्त इपॉक्सी मारलेल्या, गंज नसलेल्या जागी. जुन्या गंजावर मारलेले डांबर एकदा तडकले की त्याच्यामागे पाणी साचते आणि बाहेरून सगळे काळेभोर, छान दिसत राहते. वॅक्स मारल्यावर दारांच्या तळाची भोके तारेने मोकळी करायला विसरू नका, आणि काचेच्या तळाची रबरे नवीन बसवा. सगळ्या कामातला हा सर्वांत स्वस्त खर्च आहे आणि नेमका हाच टाळला जातो.

हौद्याबद्दल थोडक्यात. आपल्याला आता मासळी वाहायची नाही, तेव्हा लाकडावर ठोकलेला जुना पत्रा काढून टाका. त्याखालचे लाकूड खाऱ्या पाण्याने भिजलेले असेल तर तेही बदला. फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवली की पाणी थांबत नाही आणि आंब्याच्या पेट्यांना वारा लागतो. फाळक्याच्या बिजागऱ्या काढून घासा, त्यांच्या मागचा भाग बहुधा सर्वांत वाईट निघेल.

वडिलांची अक्षरे पाटी घासण्याआधी राखावी लागतील. समोरून, उजेडात, कॅमेरा पाटीच्या बरोबर मध्यावर धरून छायाचित्र घ्या, आणि त्याशिवाय पारदर्शक ट्रेसिंग कागद चिकटवून अक्षरांच्या कडा पेन्सिलीने गिरवून घ्या. छायाचित्रावरून पेंटर रंग जुळवू शकतो, पण अक्षराची वळणे आणि अंतर कागदावरूनच उतरतात. त्या पाटीखालचा पत्रा चांगला असेल आणि चुंबक चिकटत असेल तर पाटी घासूच नका, भोवती टेप लावून बाकीचे रंगवा आणि जुन्या अक्षरांवर शेवटी क्लिअरचा हात द्या. मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ असेल तर ते मात्र पुन्हा लिहू नका. व्यावसायिक गाड्यांवर ते लिहिण्यास आपल्या राज्यात २०१५ पासून मनाई आहे.

कागदपत्रांत तीन गोष्टी पाहा. आरसीमध्ये लिहिलेला रंगच ठेवा, बदलायचा असेल तर आधी आरटीओकडे अर्ज करून नोंद करून घ्या. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचे पासिंग दरवर्षी करावे लागते, पंधरा वर्षांवरच्या गाड्यांचे शुल्क एप्रिल २०२२ पासून बरेच वाढले आहे आणि पर्यावरण करही भरावा लागतो. हा सगळा आकडा आरटीओत विचारून, पहिला पत्रा कापण्याआधी कागदावर मांडा. आणि उच्च सुरक्षा नंबर प्लेट अजून बसवली नसेल तर ती रंगकाम झाल्यावर बसवा, पण प्लेटची ब्रॅकेट आधी दुरुस्त करून ठेवा, कारण त्या प्लेटचे लॉक एकदा बसले की न तोडता निघत नाही. पासिंगला नेण्याच्या आदल्या दिवशी रिफ्लेक्टर टेप लावा : पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल, आणि ती पूर्ण वाळलेल्या रंगावरच, नाहीतर आठवड्याभरात तिच्या कडा उचलतील.